मूत्रपिंड मिळाले, तोल कोण सांभाळणार?

शिरूर-दौंडच्या रुग्णाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण पुण्यात होते. नंतरचे आयुष्य मात्र गावी, उसाच्या फडाशेजारी किंवा रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांत काढायचे असते. कसोटी तेथे सुरू होते.

शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन ही औषधे दिली जातात. ती प्रतिकारशक्ती दडपतात. मात्रा कमी पडली तर मूत्रपिंड धोक्यात. वाढली तर क्षय, बुरशी आणि विषाणूंना रान मोकळे. त्यात स्टेरॉइडमुळे तापही दबून राहतो.

आपल्याकडे खरी मेख आहे ती क्षयाची. त्यावरील रिफाम्पिसिन हे नेहमीचे औषध टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण झपाट्याने खाली आणते, तर बुरशीवरील फ्लुकोनाझोल ते वाढवते. त्यामुळे गावच्या डॉक्टरने सद्‌हेतूने लिहिलेली चिठ्ठीही घात करू शकते. रुग्णाची फाइलच त्याच्यापुढे नसेल, तर दोष एकट्या त्याचा कसा?

हे प्रमाण मोजायचे तर नमुना सकाळच्या गोळीपूर्वी द्यावा लागतो. पुण्यात तपासणी करायची असेल, तर दौंडच्या रुग्णाने गोळी खिशात ठेवून पहाटेची गाडी गाठायची! राज्य सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये केली, हे स्वागतार्हच. पण नमुना तालुक्यातच घेऊन पुण्याला पाठवणे आणि औषध बदलण्यापूर्वी तज्ज्ञाला दूरध्वनी करणे, यासाठी लाखांची नव्हे, व्यवस्थेची गरज आहे.