परदेशी सूनबाई आणि सोनौलीची चौकी

आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली आता लंडन, टोकियो, सिडनीपर्यंत पोचली आहेत. कुणाचे वडील गिरणीत होते, कुणाचे महापालिकेच्या सफाई खात्यात. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले आणि ही लेकरे शिकली. त्यांतल्या काहींनी जोडीदारही तिकडचाच निवडला. जात न विचारता झालेल्या या विवाहांचा आम्हाला आनंदच आहे. सूनबाई पहिल्यांदा घरी यायची म्हटली की विमानतळावर हार घेऊन अर्धी चाळ जमते. आत मात्र नवरा भारतीय पासपोर्टच्या रांगेत आणि बायको परदेशी नागरिकांच्या रांगेत अशी फाटाफूट होते. एखाद्या अधिकाऱ्याने दोघांना एकाच खिडकीवर घेतले तर ते त्याचे सौजन्य समजावे, हक्क नव्हे. बाहेर उशीर झाला म्हणून घाबरू नये.

विमानतळावरून सुटका लवकर होते. खरी पंचाईत होते ती धम्मसहलीत.

सून बौद्ध देशातली असो वा नसो, घरच्या मंडळींना तिला बुद्धभूमी दाखवायची हौस असते. बसचे बुकिंग होते. बोधगया, राजगीर, सारनाथ, कुशीनगर आणि तिथून लुंबिनी. बसमधल्या चाळीस माणसांना लुंबिनी परदेशात आहे हे जाणवतही नाही. भारत-नेपाळच्या १९५० च्या करारामुळे आपल्याला तिकडे व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र दाखवायचे आणि उत्तर प्रदेशातल्या सोनौलीहून कमानीखालून चालत नेपाळच्या बेलहियात जायचे. सासूबाई पिशवी सांभाळत पलीकडे पोचतात आणि मागे वळून पाहतात तर सूनबाई नाही!

तिला थांबावेच लागते. परदेशी नागरिकाने आधी भारताच्या इमिग्रेशन कचेरीत जाऊन बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा असतो. ही कचेरी रस्त्याकडेला आहे. गर्दीबरोबर चालत गेले तर ती सहज मागे राहते. मग नेपाळचा अधिकारी शिक्का नाही म्हणून परत पाठवतो आणि रणरणत्या उन्हात उलटी वाट धरावी लागते. शिक्का मिळाला की नेपाळचा व्हिसा. बहुतेक देशांच्या लोकांना तो तिथेच मिळतो, पंधरा दिवसांचे तीस डॉलर. डॉलर खिशात असावेत. सम्राट अशोकाने लुंबिनीला भेट दिली तेव्हा त्या गावाचा कर माफ केला, असे तिथल्या स्तंभावर कोरलेले आहे. आमच्या सुनेला मात्र तिथे जायला तीस डॉलर मोजावे लागतात!

जाण्यापेक्षा परत येणे अवघड. इथे अनेक कुटुंबे फसतात. भारताचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर नेपाळात पाऊल टाकताच तो संपला. ई-पर्यटक व्हिसा तीस दिवसांचा असेल तर दोन प्रवेश मिळतात, वर्षाचा असेल तर अनेक. पण नुसता हा आकडा पाहून भागत नाही. ई-व्हिसावर भारतात शिरण्यासाठी विमानतळे, बंदरे आणि मोजक्या चौक्या ठरवून दिलेल्या आहेत. कोणत्याही चौकीवरून येता येत नाही, आणि ही यादी बदलत असते. म्हणून सहलीचे पैसे भरण्यापूर्वी सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर ती पाहावी. सहल आयोजकाच्या 'काही होत नाही हो' वर विसंबू नये. तो चाळीस भारतीयांचा हिशेब करतो, एकेचाळिसाव्या माणसाचा नाही. दूतावासाने पासपोर्टवर चिकटवून दिलेला अनेक प्रवेशांचा व्हिसा असेल तर ही अडचण येत नाही. नसेल तर लुंबिनीजवळच्या भैरहवाहून काठमांडूला जावे आणि तिथून विमानाने मुंबई किंवा दिल्ली गाठावी. खर्च वाढतो, पण बस पुढे निघून गेल्यावर पोरगी सीमेपलीकडे अडकून राहत नाही.

मुलानेच परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर? तोही त्याच रांगेत. आपला कायदा दोन नागरिकत्वे मानत नाही. परदेशी नागरिक झाला की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी नेपाळच्या दृष्टीने तो परदेशीच, त्यालाही व्हिसा. हे ऐकून एका काकांना फार राग आला होता. मुलगा जन्मला आमच्या चाळीत, बारसेही इथलेच! पण चौकीवर बारसे चालत नाही.

ओसीआय कार्ड सूनबाईला किंवा जावयालाही मिळू शकते. त्यासाठी विवाहाची नोंदणी झालेली असावी लागते आणि अर्जाआधी तो विवाह सलग दोन वर्षे टिकलेला असावा लागतो. अर्जदाराचे आई-वडील, आजी-आजोबा कधी पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक असतील तर मात्र मिळत नाही. आपल्यातली अडचण नोंदणीचीच आहे. विहारात भंतेजींच्या उपस्थितीत, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, त्रिसरण-पंचशील घेऊन लग्न होते. फोटो निघतात, जेवण होते आणि नोंदणी 'नंतर बघू' वर राहते. त्यात शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे. जन्मतारीख मास्तरांनी लिहिलेली १ जून. ही दुरुस्ती अर्जाच्या आधी करून घ्यावी. तारखेचा दोष आई-वडिलांचा नाही. त्या काळी शाळेत नाव घातले हेच मोठे होते. बाळ परदेशात झाले आणि भारतीय नागरिक ठेवायचे असेल तर वर्षाच्या आत भारतीय दूतावासात त्याची नोंद करावी.

आणि सोनौलीला पोचाल तेव्हा सासूबाईंना विनंती, आपण पुढे धावू नका. सुनेबरोबर त्या कचेरीपर्यंत जा. आत काय बोलतात ते कळले नाही तरी चालेल. पाण्याची बाटली घेऊन दारात बसून राहा.