‘झालं का पीएचडी?’ आणि घड्याळाचा हिशोब

लग्नाची पंगत असो, गणपतीची आरती असो, सोसायटीची लिफ्ट असो, पीएचडी करणाऱ्याला एक प्रश्न चुकत नाही : ‘काय मग, झालं का तुझं ते पीएचडी?’ पहिल्या वर्षी तुम्ही हसून उत्तर देता. तिसऱ्या वर्षी विषय बदलता. पाचव्या वर्षी लग्नाला जाणंच बंद करता.

खरी गोची मात्र पाहुण्यांच्या प्रश्नाने होत नाही. पाचव्या वर्षी तुमच्याभोवती दोन घड्याळं चालू असतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. एक घड्याळ पदवीचं, दुसरं पैशाचं. ब्रेक घ्यावा का, एक्स्टेंशन मागावं का, हा प्रश्न मनात येतो तेव्हा आपण बहुतेकदा गाईडच्या मूडचा विचार करत असतो. या दोन घड्याळांकडे बघायचं मात्र राहूनच जातं.

आधी पदवीचं घड्याळ. यूजीसीची सध्याची नियमावली नोव्हेंबर २०२२ ची. तिच्यानुसार पीएचडीला किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. त्यापुढे विद्यापीठाच्या नियमांनुसार पुनर्नोंदणी करून आणखी दोन, म्हणजे एकूण आठ. महिला संशोधक आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या संशोधकांना त्यावर आणखी दोन, म्हणजे दहा. वाचताना वाटतं, अरे, भरपूर आहेत की! पण ही वर्षं मोजायची प्रवेशाच्या तारखेपासून. आपल्याकडे किती तरी जण मोजतात ते आरआरसीत विषय मंजूर झाल्यापासून. प्रवेश, मग कोर्सवर्क, मग आराखडा, मग समितीची बैठक, मग ती पुढे ढकललेली बैठक... या प्रवासात वर्ष, दीड वर्ष सहज जातं. ते तुमच्या खात्यातूनच वजा झालेलं असतं.

आता पैशाचं घड्याळ. नेट-जेआरएफ असेल तर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे एसआरएफचे ४२ हजार आणि वर घरभाडं भत्ता. एकूण मुदत पाच वर्षं. म्हणजे पदवीचा नियम तुम्हाला सहा वर्षं देतो आणि फेलोशिप पाचव्या वर्षी हात वर करते. एक्स्टेंशन घ्यायची वेळ येते ती नेमकी याच्या पुढे. एक्स्टेंशन या शब्दात मुदतवाढ आहे, पण पगारवाढ तर सोडाच, पगारही नाही. प्रबंधाचं शेवटचं, सगळ्यात जास्त डोकं लागणारं लिखाण अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवत, दोन कॉलेजांमध्ये बसने ये-जा करत करतात. सीएचबीचं मानधन हातात कधी येतं, हे ज्याने घेतलंय त्यालाच विचारा.

कोविडमध्ये हा सांधा उघडा पडला होता. प्रयोगशाळा बंद, ग्रंथालयं बंद, फिल्डवर्क बंद. यूजीसीने प्रबंध सादर करायची मुदत एकदा नाही, अनेकदा वाढवली, शेवटी जून २०२२ पर्यंत. फेलोशिपची मुदत मात्र पाच वर्षंच राहील, असंही सोबत स्पष्ट केलं. म्हणजे वेळ गेला हे मान्य, पण त्या वेळातला किराणा तुमचा तुम्ही बघा.

आणि ज्यांची फेलोशिप राज्याच्या संस्थांकडून येते, त्यांची गोष्ट अजून वेगळी. सारथी, बार्टी, महाज्योतीच्या अधिछात्रवृत्तीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये चाळणी परीक्षा झाली, तर हातात पडली २०१९ च्या सेटची प्रश्नपत्रिका! मग जानेवारीत फेरपरीक्षा, तिच्यावरही आक्षेप, आझाद मैदान, पुण्यातली आंदोलनं. त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात ‘पीएचडी करून काय दिवे लावणार’ असंही ऐकून झालं होतं. या गदारोळात एका गोष्टीकडे फारसं लक्ष गेलं नाही. परीक्षेला बसलेले हे विद्यार्थी पीएचडीला आधीच नोंदलेले होते. सरकार ठरवत होतं, फेलोशिप कुणाला आणि किती जणांना. आणि इकडे प्रवेशाच्या तारखेपासूनचं घड्याळ चालूच होतं. सरकारी दिरंगाईमुळे गेलेले महिने परत मिळवायचे तर शेवटी एक्स्टेंशनचा अर्ज करायचा कुणी? विद्यार्थ्याने. आणि त्या अर्जात लिहायचं काय, तर ‘काही वैयक्तिक अडचणींमुळे’.

हे ‘वैयक्तिक अडचणी’ प्रकरण मला फार खटकतं. माझी एक मैत्रीण समाजशास्त्रात संशोधन करत होती. चौथ्या वर्षी वडिलांना पक्षाघात झाला. ती गावी गेली. गाईडना फोनवर सांगितलं, ते म्हणाले, ‘ठीक आहे, बघ तू.’ सात महिने गेले. कागदावर मात्र ती रोज विभागात येत होती. कारण कुणीच काही लिहिलं नव्हतं. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आरएसीपुढे, प्रगती मांडावी लागते. ती एक बैठक चुकली. परत आल्यावर शेरा वाट बघत होता : प्रगती असमाधानकारक. समितीने सुचवलेल्या सुधारणा झाल्या नाहीत तर नोंदणी रद्द करायची शिफारस करता येते, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. गाईड वाईट नव्हते हो. त्यांनी तोंडी दिलेली परवानगी खरीच होती. फक्त तोंडी परवानगीला आवक क्रमांक नसतो.

म्हणून ब्रेक आणि एक्स्टेंशन यांची गल्लत करू नका. एक्स्टेंशन म्हणजे शेवटाला जोडलेला वेळ. ब्रेक म्हणजे मधला वेळ मोजू नका, अशी विनंती. यूजीसीच्या नियमावलीत ब्रेकसारखी एकच तरतूद स्पष्ट आहे : महिला संशोधकांना संपूर्ण कालावधीत मिळून २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा. आजारपण, घरच्यांची शुश्रूषा, नैराश्य, यांतल्या कशासाठी थांबायचं असेल तर विद्यापीठाचा अध्यादेश बघायचा, आणि तो प्रत्येक ठिकाणी वेगळा. जेआरएफवाल्यांना वर्षाला ३० दिवस रजा असते, पण त्या ३० दिवसांत वडील चालायला लागत नाहीत. त्यातही मेख अशी की, २४० दिवसांची रजा मिळाली तरी ते दिवस मुदतीतून वगळणार की मुदतीतच धरणार, हे तुमच्या विद्यापीठाला आधी आणि लेखी विचारा. नंतर विचारलं तर उत्तर क्लार्कच्या टेबलावर ठरतं.

लग्न झालं, गाव बदललं, म्हणून सोडून देणाऱ्या मुली आजही दिसतात. त्यांच्यासाठी नियमात एक चांगली गोष्ट आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. स्थलांतर झाल्यास महिला संशोधकाला आपलं संशोधन नव्या संस्थेत नेता येतं. ते निधी देणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पाचा भाग नसावं आणि मूळ संस्थेला, गाईडला श्रेय द्यावं, अशा अटी आहेत. ‘सगळं पहिल्यापासून करावं लागेल’ असं कुणी म्हटलं तर नियमावलीची प्रत पुढे ठेवा.

परदेशात असाल तर ब्रेकचा अर्ज करण्याआधी व्हिसाचं बघा. ब्रिटनमध्ये शिक्षण साठ दिवसांहून जास्त थांबवलं तर विद्यापीठ सहसा व्हिसाचं प्रायोजकत्व काढून घेतं आणि घरी परतावं लागतं. अमेरिकेत एफ-वन व्हिसावर डॉक्टरांच्या पत्राने वैद्यकीय कारणासाठी अभ्यासाचा भार कमी करता येतो, तोही त्या पदवीसाठी मिळून बारा महिनेच. विभागप्रमुख कितीही प्रेमळ असले तरी आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जा.

मग थांबावं की नाही? माझं मत विचाराल तर, आजारी असाल, घरात कुणाला तुमची गरज असेल, दोन-दोन महिने एक पानही लिहून होत नसेल, तर थांबा. ‘अजून एक महिना बघतो’ म्हणत काढलेलं वर्ष ब्रेकपेक्षा महाग पडतं, कारण त्यात विश्रांतीही नसते आणि कामही नसतं. पण गाईडचा स्वभाव किंवा विषयाचा कंटाळा हे कारण असेल, तर सहा महिन्यांनी परत आल्यावर तेच गाईड आणि तोच विषय असणार आहे. तिथे ब्रेकचा उपयोग नाही. गाईड बदलाचा अर्ज कठीण असतो, वातावरण गढूळ होतं, हे मान्य. तरी त्या दुखण्यावर औषध तेच आहे.

थांबायचं ठरलंच तर अर्ज थांबण्याआधी द्या. सोबत कारणाचा कागद, गाईडची शिफारस, कधीपासून कधीपर्यंत त्या तारखा. आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या, मारत नसतील तर ईमेल करा. आरएसीच्या इतिवृत्तात नोंद झाली का, ते बघा. पुनर्नोंदणीचा अर्ज सहावं वर्ष संपायच्या काही महिने आधी हलला पाहिजे, कारण तो ज्या समितीपुढे जातो ती तुमच्या तारखेनुसार भरत नाही.

आणि आज एक करा, प्रवेशाचं पत्र शोधा आणि त्यावरची तारीख वाचा. आमच्या मैत्रिणीचं पत्र आईच्या पासबुकांच्या पिशवीत सापडलं. ती समजत होती त्याच्या चौदा महिने आधीची तारीख होती त्यावर.