‘पुरेसे’ म्हणजे किती? #थ्रेड

१/ सायकलस्वाराला ओलांडताना मोटारचालकाने किती अंतर राखावे? जर्मनीच्या वाहतूक नियमांत दीर्घकाळ एकच शब्द होता : ‘पुरेसे’. त्याचा अर्थ न्यायालये लावीत.

२/ एप्रिल २०२० मध्ये त्या शब्दाला आकडे लाभले : वस्तीच्या हद्दीत किमान १.५ मीटर, हद्दीबाहेर २ मीटर. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने तर ३ फुटांचा नियम १९७३ मध्येच केला होता.

३/ ‘रस्त्यावर मोजणार कोण?’ हा आक्षेप रास्त आहे. पण खड्डा चुकवताना सायकल हातभर सरकतेच. तेवढी जागा सोडायची असते, हे माप चालकाच्या मनात रुजवणे हेच कायद्याचे पहिले काम.

४/ पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. ती ओळख पुन्हा जिवंत व्हावी असे वाटत असेल, तर आपल्या कायद्यातही दीड मीटर हा आकडा स्पष्ट लिहिला जावा.