आरोग्याचा जमाखर्च : ताटातील कर्बोदके



गेल्या पर्युषणातील एक प्रसंग सांगतो. सांगताना संकोच वाटतो. परंतु घरोघरी मधुमेह असल्यामुळे सांगणे अगत्याचे आहे.

मला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यावी लागते. त्या दिवशी एकासणे होते. जेवण एकदाच, नंतर केवळ उकळलेले पाणी. म्हणून दोन्ही गोळ्या दुपारच्या जेवणाबरोबर एकदमच घेतल्या. संध्याकाळी प्रतिक्रमणास बसलो असता दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, समोरची अक्षरे पुसट झाली. चिरंजीवाने यंत्रावर साखर तपासली. ती 58 भरली. 70 च्या खालची साखर धोक्याची समजतात. साखरेचे पाणी पुढे आले, तेव्हा पच्चक्खाण घेतले आहे म्हणून मी मान फिरवली. शेजारचे वयोवृद्ध श्रावक म्हणाले, “अहो, आजारपणासाठी पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात. आधी हे घ्या.” तीन चमचे साखर पाण्यातून पोटात गेली आणि पंधरा मिनिटांनी आकडा 70 च्या वर आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चांगलेच खडसावले. चौतीस वर्षे बँकेत इतरांच्या खातेवह्या तपासणाऱ्या मी स्वतःच्या वहीत जमा निम्मी केली होती आणि नावे एकाच वेळी दुप्पट टाकले होते. आहारातील कर्बोदके ही जमा. गोळी, चालणे आणि उपवास हे नावे. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर साखर एकतर चढते किंवा कोसळते.

साखर सोडली म्हणजे पथ्य झाले, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रत्यक्षात तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे 20 ग्रॅम कर्बोदके असतात. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे 28. ज्वारीची भाकरी पथ्याची खरी. पण साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे हिशेबाने दोन पोळ्याच. साखरेऐवजी गूळ घातल्यानेही बाकी फारशी बदलत नाही.

आपण बटाटा खात नाही, म्हणून निर्धास्त राहू नये. त्याच्या जागी आपण कच्ची केळी वापरतो आणि तिच्यातील पिष्ट बटाट्यापेक्षा कमी नसते. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी नसते. मग खाखरे, पुऱ्या आणि शेव यांवर दिवस निघतो. हे सारे पुन्हा पीठच. त्यापेक्षा मूग, मठ, चणे, मुगाच्या वड्या किंवा बेसनाचे गट्टे बरे. कडधान्यांतही कर्बोदके असतात. पण सोबत प्रथिने आणि तंतू असल्यामुळे साखर सावकाश चढते. आयंबिलात तर तूप, तेल, दूध, दही काहीच नसते. तेव्हा नुसता भात न खाता ताटात मुगाला मोठा वाटा द्यावा.

दुकानदार बांधवांची आणखी एक अडचण असते. दुपारचे जेवण गिऱ्हाइकीत राहून जाते आणि सूर्यास्तापूर्वी घाईघाईने दोन जेवणे एकदम होतात. संपूर्ण दिवसाचा भरणा एकाच वेळी करण्याचा हा प्रकार शरीराला झेपत नाही. दुपारचा डबा वेळेवर उघडावा. चौविहार करणाऱ्यांनी रात्रीच्या दीर्घ अंतराची कल्पना डॉक्टरांना अवश्य द्यावी. गोळीची वेळ आणि मात्रा त्यांनीच ठरवायची असते, आपण नव्हे.

यंदा पर्युषणाच्या पंधरा दिवस आधी मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एकासण्याऐवजी बियासणे सुचवले, गोळ्यांचे वेळापत्रक बदलून दिले आणि साखर रोज तपासण्यास सांगितले. आठही दिवस निर्विघ्न पार पडले. प्रतिक्रमणाची अक्षरे शेवटपर्यंत स्पष्ट दिसली.

तपाची आज्ञा आपण गुरुमहाराजांकडे मागतो. मधुमेह असलेल्यांनी त्याआधी डॉक्टरांचा दरवाजा ठोठवावा, एवढीच विनंती.