प्रौढांची सायकल आणि पोरकट ग्रंथकार

पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकण्याचा निश्चय केला कीं मनुष्य दोन गोष्टी शोधूं लागतो : निर्मनुष्य मैदान आणि न हसतां समजावून सांगणारें पुस्तक. मैदान पहांटे मिळतें. पुस्तकासाठीं मात्र दुकानें पालथीं घालावीं लागतात. प्रस्तुत लेखकानें तीं घातलीं आहेत. हातीं आलेल्या पुस्तकांपैकीं एक साखळी व गियर यांच्या दुरुस्तीविषयीं होतें, दुसरें शर्यतीच्या तयारीविषयीं. ज्याला अद्यापि तोलच सांपडलेला नाहीं, त्याच्याशीं बोलण्याची तसदी एकाही ग्रंथकारानें घेतलेली नव्हती. कारण उघड आहे. ही मंडळी सातव्या-आठव्या वर्षीं शिकलेली. आपण काय शिकलों हें त्यांना आतां आठवतच नाहीं!

‘ही विद्या पुस्तकानें येत नाहीं, पडावें आणि शिकावें,’ असें यावर ऐकविण्यांत येतें. हें मत मला साफ नाकबूल आहे. मार्क ट्वेननें उंच चाकाची सायकल शिकतांनाचे आपले हाल एका निबंधांत वर्णिले. तो त्याच्या मृत्यूनंतर १९१७ सालीं प्रसिद्ध झाला. लेख विनोदी खरा, पण मर्म त्यांतच आहे : ज्या बाजूस पडूं लागाल त्याच बाजूस पुढचें चाक वळवा. भ्यालेलें शरीर नेमकें उलट करूं पाहतें. एवढें वाक्य मीं वेळेवर वाचलें असतें तर माझ्या उजव्या गुडघ्यानें ग्रंथकाराला दुवा दिला असता.

त्याहूनही उपयुक्त पुस्तक फ्रान्सेस विलर्ड यांचें. अमेरिकेंतील मद्यपाननिषेधाच्या चळवळीच्या या पुढारी बाई त्रेपन्नाव्या वर्षीं सायकल शिकल्या आणि १८९५ सालीं त्यांनीं ती हकीकत छापली. रोज सरासरी पंधरा मिनिटें, असे सुमारे तीन महिने लागले, हा हिशेब त्या न लाजतां देतात. क्रमही सांगतात : आधीं पेडल मारणें, मग वळणें, मग उतरणें, आणि सर्वांच्या शेवटीं चढणें. हल्लींचे शिक्षक पेडलें काढून, बैठक खालीं करून, पायांनीं ढकलत तोल शिकवितात, तेंही योग्यच. १८१७ सालच्या ड्राइसच्या दुचाकी यंत्राला पेडलें कोठें होतीं?

आमच्या पिढींतील कित्येक मुलींना ‘पडशील’ म्हणून सायकलीस हात लावूं दिला नाहीं. त्याच आज हौसेनें पुढें आल्या, तर त्यांच्या हातीं शर्यतीचें पुस्तक द्यावें काय? सायकलीवर लिहिणाऱ्यांनीं निदान एक प्रकरण त्यांच्यासाठीं राखावें, आणि तें उशिरां शिकलेल्या माणसाकडून लिहवून घ्यावें. आमच्या घरीं विलर्डबाईंचा क्रम चालू आहे. मंडळी वळण्यापर्यंत आल्या आहेत. उतरणें अजून माझा खांदा धरूनच होतें.