परभाषेचे एक वर्ष आणि आमची पोरे

मृगाचे शिंतोडे पडले की भंडारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या अंगावर दोन कामे एकदमच येतात. बांधीत पऱ्हे टाकायचे आणि पोराला शाळेत घालायचे. बियाणे विकत, वही-पुस्तकही विकत. आणि दोहोंचे पीक येईलच असे कोणी लिहून देत नाही. त्यात आता तिसरी चिंता येऊन बसली आहे. नववीतल्या पोराला वर्षभर जर्मन शिकवतो म्हणतात, कोणी जपानी शिकवतो म्हणतात. घालावे की न घालावे? घरच्या बापाला त्या भाषेतले एक अक्षर ठाऊक नाही, आईच्या हाती विडीचे सूप आहे, आणि सल्ला विचारावा तर कोणाला? तेव्हा या प्रश्नाचा विचार आज आम्ही आमच्या वाचकांबरोबर बसून करणार आहोत.

हा प्रश्न आकाशातून पडलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिक शाळांतून कोरियन, जपानी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन अशा परदेशी भाषा शिकवाव्यात असे लिहिले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री अशा कामांसाठी पहिल्या खेपेस दहा हजार माणसे पाठवण्याची भाषा त्यात झाली. ही सगळी कामे आमच्याच घरांतली आहेत. म्हणून जर्मन हे नाव आता विद्यापीठाच्या पायऱ्या उतरून तुमसर-मोहाडीच्या बाजारात आले आहे.

या प्रश्नाला दोन उत्तरे तयार मिळतात. पहिले उत्तर शहाणपणाचा आव आणणाऱ्यांचे: "नांगराच्या मागे चालणाऱ्याला जर्मन कशाला? आधी आपली मराठी तर धड बोलू दे." दुसरे उत्तर दलालाचे: "एक वर्ष वर्गाला या, विमानात बसवून देतो." आमच्या मते ही दोन्ही उत्तरे खोटी आहेत. पहिले पोराला दारातच अडवते, दुसरे बापाला लुबाडते.

पहिले उत्तर तर फार जुने आहे. जोतीराव फुले लहान असता त्यांच्या वडिलांना दुकानातल्या कारकुनाने हेच सांगितले होते, आणि गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यात लावले होते. पुढे गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी बापाची समजूत घातली, आणि १८४१ साली तो मुलगा पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा जाऊन बसला. तेथे इंग्रजी शिकला. त्या परभाषेतून त्याने टॉमस पेनचा माणसाच्या हक्कांवरचा ग्रंथ वाचला. १८७३ साली 'गुलामगिरी' छापली तेव्हा ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केली. माळ्याच्या पोराने शाळेत परभाषा शिकली नसती तर सातासमुद्रापलीकडचा गुलाम आणि आपल्या गावचा शूद्र यांचे दुःख एकाच जातीचे आहे, हे आम्हांस कोणी दाखवले असते?

दुसरा दाखला याहून कडू आहे. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. ते अस्पृश्य म्हणून त्यांस संस्कृत मिळाले नाही. फारसी घ्यावी लागली. एका भाषेचे दार असे तोंडावर लावले गेले, पण त्या मुलाने भाषा शिकणे सोडले नाही. पुढे ते जर्मन शिकले, १९२१ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठात त्यांनी नाव नोंदवले, आणि नाकारलेले संस्कृतही स्वतःच्या कष्टाने मिळवले. अशा माणसाला १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत आपल्या भंडाऱ्याने पाडले, हे आपल्या जिल्ह्याच्या वहीत लिहिलेले आहे. निदान त्याच्यापासून जे शिकायचे ते तरी शिकू या.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या हायस्कुलात पोर जो जो विषय घेते त्यात कोणी ना कोणी त्याच्या आधीच पुढे जाऊन उभा असतो. इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून आली खरी. पण डॉक्टरच्या घरी ती पाळण्यातच ऐकू येते, आणि आमच्या पोराला ती पहिल्यांदा गुरुजींच्या तोंडून ऐकू येते. संस्कृताचे तर बोलायलाच नको. ज्यांच्या घरी ते पिढ्यान् पिढ्या घोकले गेले त्यांची जीभ आधीच वळलेली. गणितात शिकवणी लावणारा पुढे. परंतु जर्मनचा किंवा जपानीचा पहिला तास सुरू होतो तेव्हा वकिलाचे पोर आणि कोष्ट्याचे पोर, सावकाराची मुलगी आणि ढिवराची मुलगी सारखीच कोरी असतात. कोणाच्याच आजीने ती भाषा घरी बोललेली नाही. सगळ्या शाळेत हा एकच बाक असा आहे की जेथे सर्वांना एका रेषेवरून धावायला मिळते. हे मोल लहान नाही. आम्ही परभाषेच्या वर्षाला पाठिंबा देतो तो विमानासाठी नव्हे, या सारख्या रेषेसाठी.

किंबहुना आमच्या पोराजवळ थोडी जास्तच शिदोरी आहे. ते घरी झाडीबोली बोलते, पुस्तकात दुसरी मराठी वाचते, बाजारात हिंदी बोलते. कोणाच्या घरी पोवारी, कोणाच्या घरी गोंडी असते. तीन-तीन भाषांत तोंड घालण्याची त्याला सवय आहे. जर्मन भाषेत प्रत्येक नामाला पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग अशी तीन लिंगे असतात. इंग्रजाला आणि हिंदीवाल्याला याचा घाम फुटतो. आमचे पोर तर तो नांगर, ती तिफण, ते जू असे बोलतच मोठे झालेले आहे. जपानीत क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते, आणि 'घरात', 'घराला' यांसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात. तिची अक्षरमाला अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, कि, कु या क्रमाने चालते. कारण तो क्रम भारतातून बौद्ध भिक्षूंच्या विद्येबरोबर तिकडे गेला. आमच्या पवनीला प्राचीन स्तूपांचे अवशेष आहेत, आणि पवनीजवळच रुयाड येथे जपानी बौद्धांच्या साहाय्याने उभारलेला महास्तूप आहे. म्हणजे जपानी माणूस हा आमच्या जिल्ह्याला अगदीच परका पाहुणा नाही.

पण गोडवे पुरे. आता हिशेब मांडू. शेतकरी बिघ्याचा हिशेब करतो, तसा वर्षाचाही करावा. आठवड्याला चार तास, वर्षात कामाचे पस्तीस आठवडे, म्हणजे एकशे चाळीस तास. शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा धरला तर घड्याळाचे ब्याऐंशी तासही पुरते होत नाहीत. त्यात परीक्षा, पावसाची सुट्टी आणि गुरुजींची निवडणुकीची कामे वजा करा. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटने परभाषेच्या सहा पायऱ्या मानल्या आहेत. पहिल्या पायरीला पंचेचाळीस मिनिटांचे ८० ते २०० पाठ लागतात असे ती सांगते, आणि तिसऱ्या पायरीपर्यंत ३५० ते ६५०. आमच्या शाळेचे एक वर्ष म्हणजे असे सुमारे शंभर पाठ. तेवढ्यात पोर नाव-गाव सांगेल, आकडे मोजेल, भाव विचारेल, साधी पाटी वाचेल. म्हणजे पहिल्या पायरीवर पाय ठेवील. तिसऱ्या पायरीला याच वेगाने तीन ते सहा वर्षे हवीत. आणि रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू व्हायचे तर साधारणपणे चौथी पायरीही चढावी लागते. तेव्हा "एका वर्षात नोकरी" म्हणणारा मनुष्य एकतर भाषा जाणत नाही, किंवा तुम्हांला जाणतो.

अशा मनुष्याच्या हाती पोराची मूळ प्रमाणपत्रे देऊ नका, बांधी गहाण ठेवून पैसे तर मुळीच देऊ नका. परदेशी कामावर माणसे पाठवणाऱ्याने सरकारची नोंदणी घेतलीच पाहिजे, असे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने ठरवले. नोंदणी दाखव म्हणावे. न दाखवील तर चहा पाजून वाटेला लावावे.

मग हे पहिले वर्ष घ्यावे कसे? शाळेच्या पालकसभेत उठून तीन प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे. पहिला प्रश्न, शिकवणार कोण? २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा सरकारी निर्णय १६ एप्रिलला निघाला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. मधल्या काळात कोणती भाषा यावर रणे माजली. पण दोन शिक्षकी शाळेत ती शिकवणार कोण, या प्रश्नाचा आवाज त्यात दबला. शिक्षकावाचून भाषा म्हणजे बैलावाचून वखर. दुसरा प्रश्न, वर्षानंतर काय? पुढच्या वर्षी वर्ग आहे की नाही? दहावीला तो विषय घेता येईल की नाही? राज्य मंडळाच्या दहावीत जर्मन आणि फ्रेंच हे विषय आहेत, पण त्यांचे वर्ग मुख्यतः मुंबई-पुण्याकडे भरतात. साकोली-लाखांदूरच्या पोराने काय पाप केले आहे? तिसरा प्रश्न, पैसे कोण देणार? वर्ग शाळेच्या वेळात आणि फुकट असला तरच ती सारखी रेषा राहते. तो संध्याकाळी फी घेऊन भरू लागला की रेषा मोडली, आणि पहिला बाक पुन्हा पैसेवाल्याचा झाला. रयतेच्या करावर वरच्यांची विद्या पोसली जाते, ही तक्रार जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. ती जुनी झाली, असे आम्हांस अजून वाटत नाही.

हे सर्व खेड्यात होणे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्यास आम्ही गाडिवाटचे नाव सांगतो. हे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातले एक लहान गाव. तेथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१९ साली मुलांनाच विचारले की कोणती परदेशी भाषा शिकाल? बहुतेकांनी जपानी निवडली, कारण त्यांस यंत्रमानवाची विद्या हवी होती. पुस्तके नव्हती, शिक्षक नव्हता. एका जाणकार गृहस्थाने विनामूल्य शिकवण्याचे कबूल केले. २०२० च्या टाळेबंदीत ते धडे फोनवरून झाले, आणि ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांस फोनवाल्या मुलांनी शिकवले. सुमारे सत्तर पोरे शिकत होती. ना हवेली, ना शहर, ना फी. जे शेतकऱ्यांच्या पोरांनी तेथे केले ते भंडाऱ्याची पोरे करणार नाहीत काय?

एक गोष्ट मात्र गुरुजनांस हात जोडून सांगायची आहे. भाषा कानाने येते आणि तोंडाने वाढते. ज्या पोराला "कसे गावंढळ बोलतोस" म्हणून वर्गात हसले गेले, ते पोर मराठीतही तोंड उघडत नाही, मग जर्मनमध्ये काय उघडेल? झाडीबोली अशुद्ध नाही. ती या मातीची भाषा आहे. नव्या भाषेचा अर्थ पोराला त्याच्याच बोलीत समजावून सांगा, चुकला तर चुकू द्या, पण बोलू द्या. शुद्ध-अशुद्धाच्या सोवळ्याने आमच्या पिढ्या मुक्या केल्या. ते सोवळे आता जर्मन नेसून परत येऊ नये.

आणि आईबापांस एवढेच की हा वर्ग मुलासाठी ठेवून मुलीला रोवणीला पाठवू नका. परिचारिकेचे काम असो की शिक्षिकेचे, या विद्येचा उपयोग मुलीला मुलाइतकाच आहे, आणि सावित्रीबाईंच्या नावाने जयंती करणाऱ्या घरांनी तर हे विसरू नये.

परभाषेचे पहिले वर्ष हे पऱ्हे आहे. पऱ्हे म्हणजे पीक नव्हे. ते पाहून कोठी रिकामी करणारा शेतकरी मूर्ख ठरतो. पण पऱ्हे टाकलेच नाही तर रोवणीच्या दिवशी हाती काय धरणार? आणि टाकलेले पऱ्हे वेळेवर उपटून बांधीत लावले नाही तर ते जागच्या जागी पिवळे पडते. तेव्हा पोरांस त्या वर्गात निःशंक घाला, आणि पुढच्या पावसाळ्यात शाळेच्या दारात जाऊन विचारा की आमच्या पऱ्ह्याची रोवणी कोणत्या बांधीत करणार? हे विचारणाऱ्या बापांची संख्या वाढली, म्हणजे उत्तर देणे सरकारास भागच पडेल.