जेथे इंग्रजी धावते, तेथे मराठी चालते

दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एका मुलीने ‘द टॅप इज रनिंग’ या वाक्याचे भाषांतर ‘नळ धावत आहे’ असे केले. वर्ग हसला. खरे सांगावयाचे तर मीही हसले. त्यानंतर कित्येक दिवस ती मुलगी इंग्रजीच्या तासाला मान वर करीना. पुढे तिची वही तपासताना माझ्या ध्यानात आले, की ‘रन म्हणजे धावणे’ ही ओळ मीच फळ्यावर लिहून दिली होती आणि तिने ती निष्ठेने पाळली होती. चूक कोणाची, या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले आहे आणि ते माझ्या विरुद्ध आहे.

‘रन’ हा इंग्रजीत तीन अक्षरांचा शब्द. परंतु त्याचा संसार केवढा! ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि पहिली आवृत्ती पुरी व्हावयास १९२८ साल उजाडले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी ‘रन’ हाती घेतला गेला, तेव्हा केवळ क्रियापद म्हणूनच त्याचे ६४५ अर्थ भरले, असे २०११ साली जाहीर झाले. एका संपादकाचे सुमारे नऊ महिने या एका शब्दापायी गेले. आणि मी फळ्यावर एक अर्थ लिहून मोकळी झाले होते.

आता गंमत पाहा. इंग्रजीत दुकान धावते, यंत्र धावते, बस धावते; आपल्याकडे ही सारी चालतात. नाटक त्यांच्याकडे शंभर रात्री धावते, आपल्याकडे शंभर प्रयोग चालते. घर ते धाववितात, आपण चालवितो. सर्दी झाली की त्यांचे नाक धावते, आपले वाहते. धुण्यात त्यांचा रंग धावतो, आपला नुसताच जातो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी धावतो. इंग्लंडात मात्र तो आपल्यासारखाच उभा राहतो. एकाच भाषेच्या दोन देशांत एक धावतो व दुसरा उभा, तर आठवीतल्या मुलीने गोंधळू नये काय?

यावर कोणी म्हणेल, की इंग्रजी ही लहरी भाषा आहे. मला ते मान्य नाही. ‘रन’च्या कुळातलेच एक जर्मन क्रियापद पाणी वाहण्यासाठी वापरतात. म्हणजे पाण्याचा आणि या शब्दाचा संबंध जुना आहे. नळाने तो मागाहून उसना घेतलेला नाही. पुढे आगगाड्या आल्या, कारखाने आले, आपल्या काळात संगणक आले आणि प्रत्येकाने याच शब्दाला कामाला लावले. नव्या वस्तूसाठी माणसे बहुधा नवा शब्द घडवीत बसत नाहीत. जो हाताशी असेल त्यालाच हाक मारतात.

आणि आपले ‘चालणे’ तरी काय कमी आहे? घड्याळ चालते, डोके चालते, कोणाचे घरात काही चालत नाही, आजीला सोमवारी कांदा चालत नाही. जुनी नोट चालत नाही, पण ‘उद्या आलास तरी चालेल’. आमच्या घरी कोकणीत तर ‘चलता’ या एका शब्दावर अर्धे व्यवहार उरकतात. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. तो रचताना या ‘चालण्या’ने त्यांना किती घाम फोडला असेल, याची कल्पना करून मला थोडे समाधान वाटते!

म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे, की वहीच्या मधोमध रेघ ओढून डावीकडे इंग्रजी शब्द व उजवीकडे एक मराठी अर्थ लिहून देण्याची आम्हा शिक्षकांची पद्धत टाकून द्यावी. परीक्षेच्या आदल्या रात्री ती सोयीची वाटते, हे मी जाणते. पालकही ती पाने भरलेली पाहून संतुष्ट होतात. परंतु शब्द एकटा कधीच भेटत नाही. तो नळाबरोबर भेटतो, नाकाबरोबर भेटतो, दुकानाबरोबर भेटतो. त्याला त्या सोबत्यासह वहीत उतरवावे आणि खाली जागा कोरी ठेवावी. शिवाय मुलांनी आधी घरच्या बोलीत विचार करावा. त्या मुलीला मी नंतर जवळ बोलावून विचारले, “तुझी आई नळाविषयी काय म्हणते?” तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “उदक व्हांवता.” उत्तर तिच्यापाशी होतेच, मी फळ्यावर लिहिलेल्या ओळीने ते झाकून टाकले होते.

आज तिच्या वहीत ‘रन’साठी एक पूर्ण पान आहे. गेल्या महिन्यात तिने तेथे क्रिकेटची धाव लिहिली आणि मला म्हणाली, “बाई, इथे तरी धावणेच ना?” मी होकार देणार तोच मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याचे म्हणणे असे, की चेंडू सीमेपार गेला की कोणीही न धावता चार धावा मिळतात. तीही ओळ आता त्या पानावर आहे.